मुका मार

खेळताना मुलाचे कोपर फुटले, तर ते कोणाला सांगावे लागत नाही. रक्त दिसते, मूल रडते आणि घरातील वडीलधारी माणसे जखम धुऊन पट्टी बांधतात. हात मोडला, तर तो सुजतो, वाकडा दिसतो. अशा दुखापती स्वतःच बोलतात. पण काही वेळा अंगावर ओरखडाही उठलेला नसतो आणि आत मात्र ठणका लागलेला असतो. अशा इजेला मराठीत ‘मुका मार’ म्हणतात. हे नाव मोठे अन्वर्थक आहे. जो मार स्वतःविषयी काही सांगत नाही, तो मुका मार होय.

दंडाला किंवा पाठीला मुका मार बसला, तर चार दिवस शेकल्याने तो उतरतो. परंतु हाच मार मेंदूला बसला, तर तो असा सहज अंगावर काढता येत नाही. डोक्याला दणका बसल्याने मेंदू हादरतो आणि त्याचे काम काही काळ विस्कळीत होते. या इजेला डॉक्टर ‘कन्कशन’ म्हणतात. ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ती ओळखण्याची विद्या प्रत्येकाला अवगत असली पाहिजे.

2019 सालच्या ऑगस्ट महिन्यातील गोष्ट. लंडन येथील लॉर्ड्‌सच्या मैदानावर इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यामध्ये कसोटी सामना चालू होता. ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह स्मिथ 80 धावांवर खेळत होता. याआधीच्या कसोटीत त्याने दोन्ही डावांत शतके झळकावली होती. इंग्लंडचा वेगवान गोलंदाज जोफ्रा आर्चर याने एक चेंडू आखूड टप्प्यावर आदळला. ताशी सुमारे 148 किलोमीटर वेगाने उसळलेला तो चेंडू स्मिथच्या मानेवर, डाव्या कानाच्या खाली, बसला. स्मिथ जमिनीवर कोसळला. सारे मैदान स्तब्ध झाले.

काही वेळाने तो उठून बसला आणि चालत मैदानाबाहेर गेला. संघाच्या डॉक्टरांनी त्याला तपासले. त्या वेळी त्याच्यात काही दोष आढळला नाही. सुमारे पाऊण तासाने तो पुन्हा फलंदाजीस आला आणि 92 धावांवर बाद झाला. पाहणाऱ्यांना वाटले, संकट टळले!

परंतु मुक्या माराचे हेच तर कपट आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी स्मिथ उठला, तेव्हा त्याचे डोके दुखत होते आणि त्याला सुस्ती जाणवत होती. डॉक्टरांनी पुन्हा तपासणी केली आणि त्याला सामन्यातून माघार घ्यायला लावली. योगायोग असा, की मेंदूला हादरा बसलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा खेळाडू घेण्याचा नियम आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये त्याच महिन्याच्या 1 तारखेपासून लागू झाला होता. त्या नियमानुसार मार्नस लाबुशेन हा कसोटी क्रिकेटमधील पहिला बदली फलंदाज ठरला. त्याने 59 धावा काढून सामना अनिर्णित राखण्यास हातभार लावला.

पुढची कसोटी अवघ्या चार दिवसांवर आली होती आणि ऑस्ट्रेलियाला स्मिथची गरज होती. तरीही त्याला खेळवण्यात आले नाही. तो सामना ऑस्ट्रेलियाने एका गड्याने गमावला. पण त्यानंतरच्या मँचेस्टर येथील कसोटीत पूर्ण बरा झालेला स्मिथ मैदानात उतरला आणि त्याने 211 धावांची खेळी केली. एक सामना सोडल्याने त्याच्या कीर्तीला उणेपणा आला नाही. उलट, योग्य वेळी घेतलेली विश्रांती त्याच्या उपयोगी पडली.

या घटनेतून दोन गोष्टी ध्यानात येतात. मार थेट डोक्यावरच बसला पाहिजे असे नाही. मान जोराने हिसकली गेली, तरी मेंदूला हादरा बसू शकतो. तसेच लक्षणे लगेच दिसतील असेही नाही. ती काही तासांनी, कधी दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशीही प्रकट होतात.

असे का व्हावे? मोठ्या माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे 1300 ते 1400 ग्रॅम असते. तो लोण्यासारखा मऊ असतो. निसर्गाने त्याला कवटीच्या भक्कम पेटीत ठेवले आहे. त्याच्याभोवती तीन आवरणे असून, त्यांच्यामध्ये पाण्यासारखा स्वच्छ द्रव भरलेला असतो. या द्रवात मेंदू जणू तरंगत असतो. रोजच्या धावण्याउड्या मारण्यात बसणारे लहानसहान धक्के हा द्रव झेलतो.

पाण्याने भरलेला तांब्या घेऊन चालणारा माणूस एकदम थांबला, तर तांब्या थांबतो, पण आतील पाणी हिंदकळते. तसेच येथे घडते. वेगाने जाणारे डोके अकस्मात थांबले किंवा गर्रकन वळले, म्हणजे कवटी थांबते. मेंदू मात्र आत हेलकावतो. त्यातील सूक्ष्म मज्जातंतू ताणले जातात, पिळले जातात. मज्जापेशींच्या आत आणि बाहेर असणाऱ्या क्षारांचा समतोल बिघडतो. तो पुन्हा साधण्यासाठी पेशींना एरवीपेक्षा अधिक शक्ती लागते आणि नेमकी त्याच वेळी ती पुरेशी मिळत नाही. घरात काम वाढावे आणि त्याच दिवशी कोठीतील धान्य सरावे, अशी मेंदूची स्थिती होते. म्हणून त्याला विश्रांती हवी असते.

ही इजा इतकी सूक्ष्म असते, की सी. टी. स्कॅनच्या चित्रातही बहुधा ती दिसत नाही. ते चित्र काढतात ते कवटीला तडा गेला आहे का, आत रक्तस्राव होत आहे का, हे पाहण्यासाठी. चित्र निर्दोष आले, म्हणजे मेंदूला हादरा बसलाच नाही, असा अर्थ होत नाही.

मग हा मुका मार ओळखावा कसा? त्याला बोलते करावे लागते. ज्याला लागले, त्याचे वागणे पाहावे आणि त्याला प्रश्न विचारावेत.

पुष्कळांची अशी समजूत असते, की माणूस बेशुद्ध पडला नाही, तर मेंदूला काही झाले नाही. ही समजूत चुकीची आहे. मेंदूला हादरा बसलेले बहुतेक खेळाडू क्षणभरही बेशुद्ध पडत नाहीत. ते उठतात, चालतात, बोलतात. पण काहीतरी बिनसलेले असते. डोके दुखते किंवा जड वाटते. चक्कर येते, मळमळते. डोळ्यांपुढे धूसर दिसते, एकाच्या जागी दोन वस्तू दिसतात. उजेड आणि आवाज सहन होत नाही. चालताना झोक जातो. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला वेळ लागतो, किंवा तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो. मार बसण्यापूर्वी काय घडले, हे आठवत नाही. एरवी हसतमुख असणारे मूल अकारण चिडते, रडते किंवा गप्प बसून राहते. काहींना झोप फार येते, तर काहींना ती लागतच नाही. यांपैकी सगळीच लक्षणे दिसली पाहिजेत असे नाही. एक दिसले तरी संशय घेण्यास ते पुरेसे आहे.

मैदानावर काही साधे प्रश्न उपयोगी पडतात. कबड्डीच्या सामन्यात एखाद्या मुलाचे डोके दुसऱ्याच्या गुडघ्यावर आदळले, तर त्याला विचारावे : आपण कोणत्या मैदानावर आहोत? आता कितवा डाव चालू आहे? शेवटचा गुण कोणी मिळवला? मागचा सामना कोणाशी झाला? तो कोणी जिंकला? या प्रश्नांची उत्तरे चुकली किंवा अडखळत आली, तर त्याचा मेंदू हादरला आहे असे समजावे. मात्र सगळी उत्तरे बरोबर आली, तरी नंतरचे दोन दिवस त्याच्यावर लक्ष ठेवावे. लॉर्ड्‌सच्या मैदानावर स्मिथचीही पहिली तपासणी निर्दोष ठरली होती, हे विसरू नये.

संशय आला, तर पहिला नियम एकच : त्या दिवशी खेळ बंद. सामना कितीही अटीतटीचा असो, गडी एकच उरलेला असो. डोक्याला मार बसलेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरता कामा नये. मेंदू सावरलेला नसताना दुसरा दणका बसला, तर अल्पशी इजाही भयंकर रूप धारण करू शकते.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात 2006 साली याचा दारुण प्रत्यय आला. तेरा वर्षांचा एक मुलगा शाळेच्या संघातून अमेरिकन फुटबॉल खेळत होता. प्रतिस्पर्ध्याला अडवताना त्याचे डोके जमिनीवर आपटले. तो डोके धरून पडून राहिला. थोडा वेळ तो बाहेर बसला आणि मध्यंतरानंतर पुन्हा खेळू लागला. सामना संपताच तो मैदानावर कोसळला. त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. शस्त्रक्रिया करून त्याचा जीव वाचवण्यात आला; पण बोलणे, गिळणे, उभे राहणे हे सारे त्याला तान्ह्या मुलासारखे पुन्हा शिकावे लागले. त्यात त्याची कित्येक वर्षे गेली.

त्याचे आईवडील, डॉक्टर आणि गावातील माणसे यांनी या दुःखातून एक लोकोपयोगी कार्य उभे केले. त्यांच्या प्रयत्नाने 2009 साली त्या राज्यात कायदा झाला. मेंदूला हादरा बसल्याचा संशय येताच मुलाला खेळातून बाहेर काढले पाहिजे आणि जाणकार वैद्यकीय व्यक्तीने लेखी परवानगी दिल्याशिवाय त्याला परत खेळू देता कामा नये, असे तो कायदा सांगतो. 2014 सालापर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांनी असे कायदे केले. एका मुलाने सोसलेल्या यातनांमुळे असंख्य मुलांना संरक्षण मिळाले.

काही लक्षणे दिसली, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठले पाहिजे. डोकेदुखी सतत वाढत जाणे, वारंवार उलटी होणे, झटके येणे, बेशुद्ध पडणे, उठवूनही जाग न येणे, बोलणे जड होणे, हातापायांतील शक्ती जाणे, मान फार दुखणे, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणे, नाकातून किंवा कानातून रक्त अथवा पाण्यासारखा द्रव येणे ही सारी धोक्याची चिन्हे होत. महाराष्ट्रात 108 या क्रमांकावर दूरध्वनी केला, की रुग्णवाहिका येते. ती येईपर्यंत मुलाला उठवून बसवू नये, त्याची मान हलवू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. कांदा हुंगवण्यात किंवा डोके चोळण्यात वेळ घालवू नये. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही गोळी देऊ नये. काही वेदनाशामक गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

धोक्याचे चिन्ह दिसत नसले, तरी डॉक्टरांकडून तपासणी करून घेणे अगत्याचे आहे. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा नेहमीचे डॉक्टर ही पहिली पायरी. बहुसंख्य मुले योग्य काळजी घेतल्यास साधारण चार आठवड्यांत बरी होतात. तेवढ्या काळात त्रास थांबला नाही, किंवा पूर्वीही असा मार बसलेला असला, तर तज्ज्ञांकडे गेले पाहिजे. मेंदू आणि मज्जासंस्था यांचे विकार जाणणारे डॉक्टर त्याची तपासणी करतात. कधी त्रासाचे मूळ मानेच्या स्नायूंत असते; कधी कानाच्या आतील, तोल सांभाळणाऱ्या भागात असते; कधी दोन्ही डोळे एकत्र काम करीत नसल्यामुळे वाचताना डोके दुखते. अशा वेळी भौतिकोपचारतज्ज्ञ मान आणि तोल यांचे व्यायाम शिकवतात. नेत्रतज्ज्ञ डोळ्यांची तपासणी करतात. स्मरण आणि एकाग्रता यांची परीक्षा घेण्याचे काम मानसशास्त्रज्ञ करतात. ज्याचे मूळ जेथे, त्याचा उपाय तेथे, हे तज्ज्ञांनाच कळते.

विश्रांतीविषयी पूर्वी एक कल्पना रूढ होती. रोग्याला कित्येक दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगत असत. अलीकडच्या अभ्यासाने ती कल्पना बदलली आहे. पहिले एक-दोन दिवस घरातल्या घरात शांतपणे राहावे, हलके चालावे, दूरदर्शन आणि भ्रमणध्वनी यांपासून दूर राहावे. मूल झोपले तर त्याला रात्रभर बळेच जागे ठेवण्याची गरज नाही. डॉक्टरांनी तपासल्यानंतरची झोप हितकारकच असते. मात्र मोठ्यांनी अधूनमधून त्याच्याकडे पाहावे.

त्यानंतर एकेक पायरी चढत जावे. आधी घरी थोडे वाचन, मग अर्धा दिवस शाळा, मग पूर्ण दिवस. खेळाकडेही असेच परतावे. प्रथम चालणे, नंतर हलके धावणे. पुढे एकट्याने खेळाचा सराव. त्यानंतर टक्कर होण्याची भीती नसलेला सांघिक सराव. डॉक्टरांच्या अनुमतीने पूर्ण सराव आणि शेवटी सामना. खेळाच्या प्रत्येक पायरीवर निदान एक दिवस थांबावे. एखाद्या पायरीवर त्रास वाढला, तर एक पायरी खाली उतरावे. गड चढणारा शहाणा माणूस दम लागला की थांबतो. त्याने त्याचा गड चुकत नाही.

या काळात वर्गमित्रांची मदत मोलाची असते. हातापायाला प्लॅस्टर असले, की सगळे सहानुभूती दाखवतात. मुक्या माराला प्लॅस्टर नसते. म्हणून ‘सोंग करतो आहे’ असे एखादा सहज बोलून जातो. तो बोल मारापेक्षाही अधिक लागतो. त्याऐवजी मित्राला वही उतरवून द्यावी, त्याच्याशी हळू आवाजात बोलावे, तो थकला तर गुरुजींना सांगावे.

डोक्याला मार बसल्यावर माणुसकीचे केवढे दर्शन घडू शकते, हे भारतीय क्रिकेटच्या इतिहासात नोंदलेले आहे. 1962 सालच्या मार्च महिन्यात भारताचा संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होता. बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर याच्या डोक्यावर आदळला. त्या काळी फलंदाज शिरस्त्राण वापरीत नसत. कॉन्ट्रॅक्टरच्या कवटीला तडा गेला. ही इजा नुसत्या हादऱ्याहून कितीतरी गंभीर होती. तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली आणि रक्ताची गरज भासली. तेव्हा प्रतिस्पर्धी वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल रक्त देण्यास पुढे आला. भारताचे पॉली उम्रीगर, चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णी यांनीही रक्त दिले. कॉन्ट्रॅक्टर वाचला. तो पुन्हा कसोटी सामना खेळू शकला नाही. पण पुढे मैदानावर परतून त्याने प्रथम दर्जाचे सामने खेळले आणि दीर्घ आयुष्य लाभल्याचे समाधान त्याला मिळाले. त्याच्या डोक्यात बसवलेली धातूची पट्टी तब्बल साठ वर्षांनंतर, 2022 साली, काढण्यात आली.

आज शिरस्त्राणे आली आहेत. ती कवटीचे रक्षण करतात. म्हणून क्रिकेट खेळताना आणि सायकल चालवताना ती अवश्य घालावीत. परंतु शिरस्त्राणाच्या आत कवटी असते आणि कवटीच्या आत मेंदू हलत असतो. तो हादरा शिरस्त्राणाला पूर्णपणे थोपवता येत नाही. त्या वेळी उपयोगी पडते ते ज्ञान आणि प्रामाणिकपणा.

वेदना लपवणे म्हणजे शौर्य, असे लहान वयात वाटते. खो-खोचा डाव रंगात आलेला असतो, दहीहंडीचा थर उभा राहत असतो, अशा वेळी ‘माझे डोके दुखते आहे’ असे म्हणायला जीभ धजत नाही. पण सर्वांच्या डोळ्यांदेखत मैदानाबाहेर येऊन बसण्यालाही धैर्य लागते. आणि आपला मित्र अडखळतो आहे, हे पाहून शिक्षकांना सांगणारा मुलगा चहाडखोर नव्हे. तो खरा सोबती होय. सामने पुन्हा भरतात, ढाली आणि चषक दर वर्षी मिळतात. मेंदू मात्र प्रत्येकाला एकच मिळालेला असतो. तो मुका आहे. त्याच्या वतीने बोलण्याचे काम तोंडाने केले पाहिजे.

शब्दार्थ

अन्वर्थक – नावाप्रमाणे अर्थ असलेले. अवगत – माहीत. मज्जातंतू – मेंदूचे संदेश वाहून नेणारे सूक्ष्म धागे. शिरस्त्राण – डोक्याचे रक्षण करणारे टोप. दारुण – भयंकर. प्रत्यय – अनुभव. अगत्याचे – अत्यंत आवश्यक. धजणे – धाडस करणे.

अभ्यास

1. मेंदूला बसलेल्या हादऱ्याला ‘मुका मार’ म्हणणे योग्य का आहे?
2. स्टीव्ह स्मिथची पहिली तपासणी निर्दोष ठरूनही त्याला दुसऱ्या दिवशी का थांबवण्यात आले?
3. तांब्यातील पाण्याच्या दृष्टान्ताने लेखात कोणती गोष्ट समजावून दिली आहे?
4. कोणती लक्षणे दिसताच रुग्णालयात धाव घेतली पाहिजे?
5. कारणे द्या : (अ) सी. टी. स्कॅन निर्दोष आले तरी काळजी घ्यावी लागते. (आ) बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.
6. ‘अंगावर काढणे’ आणि ‘हातभार लावणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
7. ‘हसतमुख’, ‘लोकोपयोगी’ आणि ‘सांघिक’ ही विशेषणे योग्य नामांना जोडून लिहा.
8. आपल्या शाळेच्या मैदानावर लावण्यासाठी ‘डोक्याला मार बसल्यास’ या शीर्षकाचा दहा ओळींचा सूचनाफलक तयार करा.